पंधरा जूनपर्यंत

रविवार, ९ मार्च

ही डायरी ह्यांच्या कंपनीची आहे, पीथमपुरची. दोन वर्षं जुनी, वर गोळ्यांच्या पाकिटाचं चित्र. आतल्या छापील तारखा आता जुळत नाहीत, म्हणून मी वर पेनाने आपली तारीख घालते. मी आठवी शिकली, तीपण हिंदीत. मराठी बोलते रोज, पण लिहिताना हात अडतो. तरी लिहायला पाहिजे. बोलायला कोण नाही. हे सोमवारी सकाळच्या बसने कंपनीत जातात ते शनिवारीच देवासला घरी येतात.

परवा कॅनडाहून विक्रमदादा आणि अंकितावहिनी आले. दादा म्हणजे माझे थोरले दीर. लग्नाला अकरा वर्षं झाली त्यांच्या, मूल नाही. तो विषय घरात कुणी काढत नाही.

आज सगळे जेवायला बसले होते. दादा म्हणाले, "सुट्ट्यांत स्वानंदीला आम्ही घेऊन जातो. दोन महिने फिरेल, जग बघेल."

आईसाहेब, माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "न्या की. तुमचीच आहे."

हे वरणात चमचा फिरवत राहिले. ह्यांना आधीपासून माहीत होतं, तोंडावरून कळलं. मला कुणी काही विचारलं नाही. मी आत पोळ्या करत होती. एक पोळी काळी होईपर्यंत उलटायची राहिली.

स्वानू सहा वर्षांची आहे. अजून माझी ओढणी मुठीत धरून झोपते.

बुधवार, १२ मार्च

आज स्वानूचा पासपोर्ट बघितला. जानेवारीत ह्यांनी तिला इंदूरला नेऊन काढून आणला होता, म्हणाले होते असू दे, कधीतरी कामात येईल. निळं पुस्तक, वर सोनेरी सिंह. मी हात धुतले, पुसले, मग धरला. आत तिचा फोटो. हसू नको सांगितलं असेल म्हणून ओठ दाबून धरलेत, पण डोळे हसतायत. शेवटच्या पानावर बापाचं नाव आणि मग आईचं. आईच्या पुढे लिहिलंय, कृतिका.

कृतिका मीच. म्हणजे होती. धारला बाबा, शाळेतल्या मुली, सगळे कृतिकाच म्हणायचे. लग्नात ताटात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीने माधवी लिहिलं. आईसाहेबांनी निवडलेलं नाव. त्या दिवसापासून मी माधवी. आधारमध्ये माधवी, सरकारच्या समग्र कार्डात माधवी. पण पहिलं बाळंतपण माहेरी असतं, तर मी धारला होती, आणि दवाखान्याच्या खिडकीवर बाबांनी सवयीने कृतिका सांगून टाकलं. जन्माच्या दाखल्यावर तेच चढलं आणि तिथून पासपोर्टावर. सात वर्षांनी ते नाव छापलेलं बघितलं तर असं झालं की बाजारात कुणी मागून हाक मारली.

दादा जवळच बसले होते. मी हिंमत करून विचारलं, तिकडे गेल्यावर कुणी काही विचारतं का.

"विचारतात तर. दारातच ऑफिसर बसलेला असतो. मूल आईबापाबरोबर नसलं तर पत्र मागतो. आईची सही नसेल तर आत नाही सोडत. फालतूची कटकट आहे."

मी दिवसभर तेच मनात फिरवत राहिली. एवढ्या लांब, समुद्राच्या पलीकडे, एक माणूस दारात बसलाय. तो मला ओळखत नाही. मी काळी का गोरी त्याला माहीत नाही. आणि तो म्हणतो, हिच्या आईला विचारलं का? तिचा कागद दाखवा.

त्याचं घर कसं असेल, त्याला पोरंबाळं असतील का, असं काहीबाही डोक्यात येत होतं.

बुधवार, १९ मार्च, रंगपंचमी

बाहेर गेर, रंगांची मिरवणूक, निघाली होती, सगळा रस्ता गुलाबी. मी पण स्वानूबरोबर खेळली. हात धुवायच्या आतच वहिनी कागद घेऊन आली.

स्टॅम्प पेपर होता. अर्धा इंग्लिश, अर्धा हिंदी. खाली ह्यांची सही झालेली. लाल शिक्कापण आधीच मारलेला. मला वाटलं होतं सही आधी आणि शिक्का मग. मी हिंदीवाला भाग हळूहळू वाचला. "मैं अपनी पुत्री स्वानंदी को दिनांक २६ अप्रैल से", पुढे लांब रेघ, आणि मग "तक". रेघेवर काही नाही.

"वहिनी, इथे रिकामं आहे."

"अगं, परतीचं तिकीट पक्कं झालं की भरू. तू कर सही, रंग लागेल कागदाला."

केली. माधवी. कोपऱ्यावर माझ्या अंगठ्याचा गुलाबी डाग पडलाच.

मग वहिनीने फोनवर तिथला फोटो दाखवला. एक खोली, पिवळ्या रंगाची, नवीन. छोटा पलंग, लिहायचं टेबल, आणि दारावर लाकडी अक्षरांत स्वानूचं नाव. पन्नास-साठ दिवसांसाठी कुणी एवढं करतं? बॅगेतून एक जाड कोट काढला, आत लोकर. स्वानूला घातला तर गुडघ्याच्या खाली गेला. वहिनी म्हणाली, "मुद्दाम मोठा घेतला. दोन हिवाळे निघतील."

तिकडे मे-जूनमध्येपण थंडी असेल. स्वानू कोट घालूनच अंगणात गेली आणि घामाने भिजून परत आली. म्हणते, "मम्मी, तिकडे बर्फ फुकट मिळतो."

सोमवार, २४ मार्च

इंदूरच्या व्हिसावाल्या एजंटाने कागद परत पाठवला. दादांनी फोन स्पीकरवर ठेवला होता, म्हणून सगळ्यांनी ऐकलं.

"भिया, पासपोर्ट में मम्मी कृतिका है. सहमति पे साइन माधवी का है. ये माधवी कौन?"

दादा म्हणाले, "एक ही है यार."

"तो शपथ पे लिखवा लाओ ना. मैं तो मान लूँ भिया, वो दरवाज़े पे जो गोरा बैठा है, वो नहीं मानेगा."

मग घरात हेच. दादा म्हणाले, "बळवंतरावांनी घोळ घातला." आईसाहेब म्हणाल्या, "लेक दिली की नावासकट देतात. एवढंही सुचू नये व्याह्यांना?" बाबांना बोलतायत आणि मी भांडी घासतेय. पण खरं लिहायचं तर मला आतून बरं वाटलं. काहीतरी अडलं. मग लाज वाटली. पोरीला जग बघायला मिळतंय आणि आई खूश होतेय कागद अडला म्हणून.

दुपारी मी आणि आईसाहेब मेथी निवडत होतो. एकदम म्हणाल्या, "माझं द्वारका होतं."

मी म्हटलं, "काय?"

"नाव. माहेरचं. ह्या घरात आल्याला पन्नास वर्षं झाली, कुणी घेतलं नाही. आता मला कुणी तसं हाक मारली तर मी वळणारपण नाही." मग माझ्या मेथीकडे बघून म्हणाल्या, "काड्या राहतायत. नीट निवड."

रविवार, ३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. देवीच्या टेकडीवर आजपासून चैत्री नवरात्राची गर्दी, आपल्या गल्लीतपण गाड्या लागल्यात.

माझ्या शाळेचे कागद धारला बाबांकडे आहेत, म्हणून शपथेचं काम तिथेच करायचं ठरलं. गुरुवारी मी आणि हे जाणार. त्याच वेळी स्वानूचा नवीन कागदपण करून आणायचा.

काल ह्यांनी स्वानूच्या शाळेतून टी.सी. काढून आणली. म्हणाले व्हिसाला लागते. मी बरोबर होती. मॅडम म्हणाल्या, "बहुत बढ़िया, अब तो उधर ही पढ़ेगी हमारी स्वानंदी." त्यांना कुणीतरी चुकीचं सांगितलं असेल. मी ह्यांच्याकडे बघितलं, हे गाडीला किक मारत होते.

मी काही बोलली नाही. इथेपण जास्त लिहीत नाही.

गुरुवार, ३ एप्रिल, धार

बस गेली, म्हणून आज बाबांकडेच राहिलो, उद्या सकाळी परत. हे आणि बाबा बाहेर खाटेवर बसलेत. सगळं आठवतंय तोवर लिहून घेते.

बाबांनी माझी आठवीची अंकसूची प्लास्टिकमध्ये घालून जपून ठेवलेली. त्यावर कृतिका बळवंतराव खलाटे. गणितात छत्तीस. ह्यांनी वाचलं, हसले थोडे.

कचेरीच्या आवारात पत्र्याच्या शेडमध्ये नोटरी बसतात. बाबांच्या ओळखीच्या एक चारुलताबाई आहेत, मराठीच. पांढरे केस, चष्म्याला दोरी. आम्ही गेलो तेव्हा पोह्यांवर जिरावण मसाला घालून खात होत्या. ह्यांनी कागद पुढे ठेवले.

"फक्त शिक्का पाहिजे, मॅडम. बस पकडायची आहे."

"सही कोण करणार?"

"ही."

"मग तुम्ही आणि बळवंतराव बाहेर बसा. चहा घ्या."

"मी नवरा आहे हिचा."

"म्हणूनच म्हणते."

हे माझ्याकडे बघत बाहेर गेले. शाळेतून नाव कटलं त्यानंतर असं कुणासमोर एकटी बसलीच नव्हती मी. बाईंनी बशी बाजूला सारली, हात पुसले आणि कागद माझ्याकडे फिरवला.

"वाच."

"मी?"

"तुझा आहे ना? मोठ्याने वाच. अडशील तिथे मी सांगते. जो वाचतो त्याचीच सही मी घेते."

पहिला कागद नावाचा. मी बोट ठेवून ठेवून वाचलं. मी शपथेवर सांगते की कृतिका आणि माधवी ह्या दोन वेगळ्या बायका नाहीत, ती एकच आहे, आणि ती मी आहे. ते वाचून झालं तर मी परत पहिल्यापासून वाचलं. बाईंनी थांबवलं नाही. मला काय झालं सांगता येत नाही. ही गोष्ट तर मला रोजच माहीत होती. पण सरकारच्या कागदावर, शपथ घेऊन, की ती एकच आहे.

"दोन्ही सह्या कर. आधी जुनी."

माधवी झरकन होते. कृतिका करायला गेली तर हात विसरला. क ची शेपटी कुठे वळवायची मी, तेच आठवेना. बाई म्हणाल्या, "घाई नाही."

मग दुसरा, स्वानूचा. वाचत वाचत त्या रेघेपाशी आली आणि थांबली.

"का थांबलीस?"

"पुढे काही लिहिलं नाही."

"परत कधी येणार पोरगी?"

मी म्हटलं, ते दादांना माहीत. बाईंनी ह्यांना आत बोलावलं आणि विचारलं. ह्यांनी दादांना फोन लावला, बाजूला जाऊन बोलले. परत येऊन म्हणाले, "रिकामं ठेवायला सांगितलंय. पुढेमागे होतं तिकडे."

बाई म्हणाल्या, "रिकामं म्हणजे उद्यापण होतं आणि कधीच नाही असंपण होतं. अठ्ठावीस वर्षं झाली, रिकाम्या रेघेवर मी शिक्का मारलेला नाही. आता ह्या वयात काय नवीन सुरू करू?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बापाला विचारलं, त्याने भावाला विचारलं. आता तू सांग. आईची तारीख काय?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे चपलांकडे बघत होते.

भिंतीवर बियाणांच्या कंपनीचं कॅलेंडर होतं. मी म्हटलं, पान उलटू का? बाई म्हणाल्या, उलट. मी उठली, एप्रिल उलटला, मे उलटला. सोळा जूनला शाळा उघडते. आदल्या दिवशी पुस्तकांना कव्हरं घालावी लागतात, केस कापावे लागतात.

"पंधरा जून."

"ऐकू नाही आलं."

"पंधरा जून."

"लिही. आकड्यात आणि अक्षरांत. तुझ्या हाताने."

लिहिलं. मग बाईंनी शिक्का मारला तर टेबल हललं. एक दुसरा लोखंडी शिक्का होता, त्याने कागद दाबला की अक्षरं वर उठून येतात, बिनशाईची. बोट फिरवलं तर कळतात. मग लाल कापडाचं जाडजूड रजिस्टर काढलं आणि त्यात माझा नंबर, माझं नाव, दुसरं नाव, कशासाठी, कधीपर्यंत, सगळं लिहिलं. माझी परत सही घेतली. मी विचारलं, हे कुठे जातं? म्हणाल्या, "कुठे नाही जात. इथेच राहतं. तू आज काय बोललीस ते आता इथे आहे."

मी ते रजिस्टर बघत बसली. त्यात वर किती लोकांची नावं होती, आणि खाली मी.

निघताना विचारलं, "बाई, पंधराला नाही आली तर?"

"तर हा कागद घेऊन तू विचारू शकतेस, का नाही आली. आधीच्या कागदावर तुला विचारायलाही जागा नव्हती."

घरी येताना त्याच रस्त्याने रिक्षा आली ज्या रस्त्याने सात वर्षांपूर्वी लग्नाची गाडी देवासकडे गेली होती. तेव्हा मला घेऊन जाताना बाबांना कुणी नाही विचारलं, परत कधी.

शुक्रवार, ४ एप्रिल

देवासला पोचलो. दादा कागद हातात घेऊन बराच वेळ बसले.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"पंधरा जून कुणी सांगितलं तुला?"

"मीच सांगितलं."

वहिनी उठून आत गेली. दादा ह्यांच्यावर चिडले. "अन् तू काय करत होतास तिथे?"

हे म्हणाले, "चहा पीत होतो. बाहेर बसवलं होतं."

एरवी मला हसू आलं असतं. दादा म्हणाले, "नावाचा कागद ठीक आहे. हा दुसरा इथे नवीन बनवून आणतो. माधवी सही करेल." माझ्याकडे न बघताच म्हणाले.

रविवार, ६ एप्रिल, रामनवमी

सुंठवडा वाटून झाला आणि दादांनी बैठकीत बोलावलं. आईसाहेब, हे, वहिनी, सगळे होते. स्वानू शेजारी खेळायला गेली होती. टेबलावर नवीन कागद. शिक्का मारलेला. तीच लांब रेघ, तशीच रिकामी.

मला वाटलं, आता बोलली तर हे मला बाबांकडे सोडून येतील, आणि नाही बोलली तर काय होईल त्याचा तर विचारच करवत नव्हता.

मी म्हटलं, "दादा, मी एक सही दिली आहे. बाईंच्या रजिस्टरात पंधरा जून चढलंय. आता इथे दुसरा कागद केला, तर तिकडे दारात तो ऑफिसर म्हणेल, ह्या पोरीची आई दोन गोष्टी का बोलते? मग स्वानूलाच पकडून ठेवतील."

"कुणी पकडत नाही गं."

"तुम्हीच म्हणालात ना, आत सोडत नाही."

हे हळूच म्हणाले, "माधवी, कर सही. मोठे सांगतायत."

मी म्हटलं, "करते की. तारीख घाला, आत्ता करते. तुम्ही दोन महिने म्हणाला होतात, माझ्या तारखेने थोडे दिवस कमी झाले असतील. वाटलं तर तीस जून घाला. शाळेत मी सांगेन मॅडमना, उशिरा येईल म्हणून."

पेन टेबलावर होतं. कुणीच उचललं नाही. मला कळेना, मी तर पंधरा दिवस वाढवून देत होती.

आईसाहेब म्हणाल्या, "मग घाल ना रे विक्रम, तारीख. तारखेचं काय एवढं?" आईसाहेब त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग वहिनीकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. मग कागद उचलून त्याची घडी घातली आणि सुंठवड्याच्या डब्याखाली ठेवून दिला.

"ऊठ माधवी. चहा टाक."

गुरुवार, १० एप्रिल

स्वानूचं तिकीट रद्द केलं. वहिनीनेच सांगितलं. मी विचारलं, का?

"एवढ्याशा दिवसांसाठी काय न्यायचं."

पन्नास दिवस तिला एवढेसे वाटतात. मला तर एक दिवस जड गेला असता. ती स्वानूच्या वेण्या घालत होती. घातल्या, सोडल्या, परत घातल्या, परत सोडल्या. स्वानू वैतागली, "काकी, एकदाच घाल ना." वहिनीने तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली आणि तशीच बसून राहिली.

मला फार वाईट वाटलं तिचं. ती पिवळी खोली तशीच पडून राहणार. मी दोन शब्द लिहिले आणि एका माणसाचं मन मोडलं. पण कुणी म्हटलं असतं की पूस, तर माझा हात उठला नसता. एवढंसं लिहिलं होतं मी, पंधरा जून. त्याने विमानाचं तिकीट कसं रद्द होतं, ते मला अजून कळलेलं नाही. त्या बाईंच्या शिक्क्यातच काहीतरी असेल.

शनिवार, १२ एप्रिल

हे कंपनीतून आले. जेवले. मग म्हणाले, "तिचं तिकडे भलं झालं असतं. परत कोण नेणार आहे?"

मी म्हटलं, "पन्नास दिवसांत काय भलं झालं असतं?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मग उठले, स्वानूला झोपाळ्यावर बसवलं आणि झोके देत राहिले. ती पुरे म्हणेपर्यंत, आणि पुरे म्हटल्यानंतरपण.

मंगळवारी शाळेत जाऊन टी.सी. परत देऊन येते. मॅडमना काय सांगायचं ते ह्यांनाच विचारते.

शनिवार, २६ एप्रिल

दादा-वहिनी गेले. दादा माझ्याशी नीट बोलले, डोक्यावर हात ठेवला. कोट वहिनीने स्वानूलाच ठेवला.

गाडीत बसायच्या आधी वहिनी माझ्या गळ्यात पडली आणि कानात म्हणाली, "मी पण नसती केली सही."

कुठली सही, ते विचारेपर्यंत गाडी वळणावर गेली.

रविवार, १५ जून

दीड महिना लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. पण आज तारीख आहे म्हणून डायरी काढली.

सकाळी मी पुस्तकांना कव्हरं घालत बसली होती. उद्या शाळा. स्वानूचे केस काल कापले, कान उघडे पडलेत. तिला करायला काही नव्हतं, तर तिने दारात स्टूल टाकलं, मांडीवर पासपोर्ट घेतला आणि ऑफिसर झाली. दादांचं बोलणं तिने ऐकलेलं असणार. दूधवाल्या भियांना अडवलं, त्यांनी सही म्हणून दुधाचं माप दाखवलं, तर सोडलं.

मग आईसाहेब निघाल्या, हातात पूजेची पिशवी.

"कुठे जाताय?"

"टेकडीवर, देवीला."

"आईचा कागद?"

"अगं, बाजूला हो. ऊन चढतंय."

"आईची सही नाही तर सोडत नाही."

आईसाहेब खरोखरच आत आल्या. मला वाटलं आता रागावतील. म्हणाल्या, "तुझी लेक सोडत नाही बाई मला. आता माझी आई मी कुठून आणू? तूच कर सही."

मी ह्याच डायरीचं मागचं पान फाडलं. मी, सून, आईसाहेबांना टेकडीवर जायला परवानगी देते. लिहिताना मला हसूपण येत होतं आणि कसंतरीपण होत होतं. रेघेपाशी आली आणि विचारलं, "परत कधी?"

"मला कुणी विचारलं नाही कधी," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "दहा वाजेपर्यंत लिही."

सही केली. आधी जुनी, मग नवी. आता क ची शेपटी बरोबर वळते.

स्वानूने कागद उलटासुलटा बघितला. "नाव?"

"उमाबाई."

"आणि दुसरं? मम्मीचं आहे, तुमचं पण असेल."

आईसाहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"द्वारका," म्हणाल्या.

स्वानूने कागदावर मूठ आपटून शिक्का मारला. "जा द्वारका. दहा वाजता यायचं."

आईसाहेबांनी कागदाची बारीक घडी केली, पदराच्या टोकात बांधली आणि गेल्या.

दहा वाजले. सव्वादहा झाले. स्वानू स्टुलावरून हलेना, पोहे तिथेच खाल्ले. मी पण कव्हर हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली. साडेदहाच्या सुमारास वळणावर त्या दिसल्या. ह्या वयात एवढं भराभर चालताना मी त्यांना कधी बघितलं नाही. लांबूनच पदराची गाठ सोडून कागद वर धरला होता.